विद्यार्थ्यांनी निवडलेले पदाधिकारी : अमेरिकेतील भावी शेतकऱ्यांच्या संघटनेचे उदाहरण

बहुतेक प्राथमिक शाळांत वर्षारंभी शालेय मंत्रिमंडळ निवडण्याचा प्रघात आहे. मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री अशी नावे फळ्यावर लिहिली जातात, मुले हात वर करून मत देतात, निवडून आलेल्यांच्या छातीवर बिल्ले लागतात. आणि त्यानंतर वर्षभर मुख्यमंत्र्याला परिपाठाच्या वेळी रांगा सरळ करण्यापलीकडे फारसे काम उरत नाही. हा दोष मुलांचा नव्हे. पदाला काम जोडलेले नसले आणि त्या कामाचा जाब विचारणारा कोणी नसला, म्हणजे निवडणूक कितीही थाटाने पार पडली तरी ते पद स्नेहसंमेलनातील पोशाखाप्रमाणे अंगावरून उतरते. पद आणि काम यांची सांगड विद्यार्थ्यांच्या एखाद्या संघटनेने दीर्घकाळ टिकेल अशा रीतीने घातली आहे काय, असा विचार करता एक उदाहरण विशेष नजरेत भरते. ते अमेरिकेतील हायस्कुलांत शेतकी हा विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेचे होय. ती मुले आपल्या मुलांहून वयाने मोठी आहेत आणि तेथील शेतीची तऱ्हाही निराळी आहे. परंतु त्यांच्या सभेची रीत चौथी-पाचवीच्या वर्गालाही पेलण्यासारखी आहे, म्हणून तिची माहिती येथे काहीशी विस्ताराने देत आहोत.

अमेरिकेत १९१७ साली स्मिथ-ह्यूज या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि हायस्कुलांतील धंदेशिक्षणाला मध्यवर्ती सरकारचे द्रव्यसाहाय्य मिळू लागले. शेतकी शिकणाऱ्या मुलाने वर्षातून निदान सहा महिने शिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीचे काम केले पाहिजे, अशी या कायद्यात अट होती. त्यामुळे कोणी एक वासरू पाळी, कोणी डुकरे वाढवी, कोणी बापाच्या रानातील तुकडा घेऊन मका करी, आणि प्रत्येक जण आपल्या कामाचा जमाखर्च वहीत मांडून ठेवी. शेतीचे ज्ञान या रीतीने मिळू लागले. परंतु खेड्यातील ही मुले चारचौघांत उभे राहून बोलावयास कचरतात, शहरी मुलांपुढे स्वतःला कमी लेखतात, ही गोष्ट व्हर्जिनिया राज्यातील शेतकी-शिक्षकांच्या मनाला लागून राहिली होती. तेथील हेन्री ग्रोसक्लोज व त्यांचे सहकारी यांनी १९२६ साली मुलांची राज्यापुरती संघटना उभी केली. पुढे नोव्हेंबर १९२८ मध्ये कॅन्सस सिटी येथे १८ राज्यांचे ३३ प्रतिनिधी जमले आणि 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका', म्हणजे अमेरिकेचे भावी शेतकरी, ही देशव्यापी संघटना स्थापन झाली. शेतीखेरीज तिच्याशी निगडित असलेले इतर व्यवसायही अभ्यासक्रमात आल्यामुळे १९८८ साली नाव बदलून केवळ आद्याक्षरे ठेवण्यात आली. आता ती 'नॅशनल एफएफए ऑर्गनायझेशन' म्हणून ओळखली जाते.

येथे कोणी विचारील की, शेतकऱ्याच्या मुलाला सभा चालविण्याचे शिक्षण कशाला हवे? त्याला पेरणी, खत, जनावरांची निगा एवढे आले म्हणजे झाले. या प्रश्नाचे उत्तर त्या काळाच्या परिस्थितीत सापडते. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत शेतमालाचे भाव कोसळले होते, आणि शेतकरी एकत्र येऊन सहकारी विक्रीसंस्था स्थापू लागले होते. १९२२ साली तशा संस्थांना कायद्याचे संरक्षणही मिळाले. आता संस्था म्हटली की सभा आली, ठराव आले, हिशेब आले, आणि मतभेद झाला असता संस्था न मोडता तो मिटविण्याचे कसबही आले. ज्याला हे येत नाही तो उत्तम पीक काढूनही आपल्याच संस्थेत मुका राहतो. आपल्याकडे सेवा सोसायटी, दूधसंस्था किंवा साखर कारखाना यांचा संबंध आलेला नाही असे शेतकऱ्याचे घर विरळाच. तेव्हा ही गोष्ट आपल्या शिक्षकांस अधिक फोड करून सांगण्याची जरुरी नाही. सारांश, पुढारीपण हे त्या अभ्यासक्रमात शोभेसाठी लावलेले तोरण नव्हते. ते धंद्याचेच एक अंग मानले गेले होते.

प्रत्येक शाळेत या संघटनेची एक शाखा असते. शाखेची सभा पाहण्यासारखी असते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, वार्ताहर आणि द्वारपाल असे सहा पदाधिकारी मुलांतूनच निवडलेले असतात, आणि खोलीत प्रत्येकाची जागा ठरलेली असून त्या जागी एक चिन्ह ठेवलेले असते. अध्यक्षाजवळ उगवता सूर्य, उपाध्यक्षाजवळ नांगर, चिटणिसाजवळ मक्याचे कणीस, वार्ताहराजवळ राष्ट्रध्वज. खजिनदाराच्या जागी जॉर्ज वॉशिंग्टन यांची प्रतिमा असते. कारण अमेरिकेचा हा पहिला राष्ट्राध्यक्ष मूळचा शेतमालक असून आपल्या शेतीचे हिशेब तो अत्यंत काटेकोरपणे ठेवीत असे. द्वारपाल दाराशी बसतो. राहता राहिला शिक्षक. त्याला 'सल्लागार' म्हणतात आणि त्याची जागा घुबडाच्या चिन्हाजवळ असते. आपल्याकडे घुबडाचे नाव काढताच कपाळाला आठ्या पडतील. पण पाश्चात्त्यांत तो पक्षी शहाणपणाचे प्रतीक मानला जातो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, शिक्षक सभेत हजर असतो, त्याला मानाची जागाही असते, परंतु अध्यक्षाची खुर्ची त्याची नसते.

सभेच्या प्रारंभी अध्यक्ष हातोडीचे दोन ठोके देतो. तीन ठोके पडले की सर्वांनी एकदम उभे राहावयाचे, एक ठोका पडला की बसावयाचे. एखादा विषय निकालात निघाला म्हणजेही एकच ठोका. मग उपाध्यक्ष एकेका पदाधिकाऱ्याला नावाने पुकारतो आणि तो आपली जागा कोणती व तेथे आपण काय करतो हे सर्वांसमक्ष सांगतो. हा विधी प्रत्येक सभेत होतो. प्रथमदर्शनी हे नाटकी वाटते, आणि त्यात थोडे नाटक आहेही. परंतु बारा-पंधरा सभांतून ज्या मुलाने 'पावत्या व खर्च यांची नोंद ठेवणे हे माझे काम' असे आपल्या तोंडाने सांगितले, त्याला वर्षाअखेर 'मला कोणी सांगितलेच नव्हते' असे म्हणण्याची सोय उरत नाही. आपल्या शाळांतील किती शिक्षणमंत्री आपले काम असे एका वाक्यात सांगू शकतील?

ही कामे लहान असली तरी खरी असतात. चिटणीस सभेची विषयपत्रिका तयार करतो, हजेरी घेतो, इतिवृत्त लिहितो आणि मागील सभेचे इतिवृत्त वाचून मंजूर करून घेतो. खजिनदाराकडे वर्गणी आणि विक्रीचे पैसे येतात. वार्ताहर शाखेच्या कामाची बातमी लिहून स्थानिक वृत्तपत्राकडे पाठवितो. उपाध्यक्ष समित्यांची कामे पाहतो व अध्यक्ष नसता सभा चालवितो. द्वारपालाचे काम आम्हांस विशेष आवडले. खुर्च्या मांडणे, खोलीत उजेड व हवा ठीक आहे की नाही हे पाहणे, पाहुण्याचे स्वागत करणे, उशिरा आलेल्यास जागा दाखविणे हे त्याचे काम. आपल्याकडे ही कामे बहुधा ज्याला कोणतेच पद मिळाले नाही अशा मुलाकडे, किंवा न सांगता मुलींकडे जातात. तेथे त्या कामाला पद आहे आणि अध्यक्षाप्रमाणेच त्याच्याही नावाचा पुकारा होतो.

आता चर्चेच्या नियमांकडे वळू. हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी इंजिनियराने १८७६ साली सभाशास्त्रावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकेतील बहुसंख्य संस्था आजही त्याच्या नव्या आवृत्त्यांप्रमाणे चालतात, आणि एफएफएच्या शाखाही त्यातीलच रीत गिरवितात. ती रीत आपल्या वर्गात कशी उतरेल हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, शाळेच्या परसबागेतील मेथी व पालक विकून दोनशे दहा रुपये जमले आहेत. एक मुलगा उभा राहून म्हणतो, 'या पैशांतून चेंडू व फळी आणावी असे मी सुचवितो.' दुसऱ्या कोणी अनुमोदन दिल्यावाचून हा ठराव चर्चेस येतच नाही. एकट्याच्या लहरीवर सर्वांचा वेळ जाऊ नये एवढाच त्यातील हेतू. अनुमोदन मिळाले की अध्यक्ष ठराव पुन्हा एकदा स्पष्ट शब्दांत सांगतो. मग एखादी मुलगी म्हणते, 'ठरावात एवढी दुरुस्ती करावी की, अर्धे पैसे पुढच्या बियाण्यासाठी राखून ठेवावे.' ही उपसूचना. तिलाही अनुमोदन हवे. प्रथम उपसूचनेवर मत घ्यावयाचे, आणि ती संमत झाली तर दुरुस्त झालेल्या मूळ ठरावावर पुन्हा मत घ्यावयाचे. एका वेळी एकच विषय, एका वेळी एकच वक्ता, आणि बोलावयाचे ते अध्यक्षाकडे तोंड करून. अध्यक्षाला स्वतःला वाद घालावयाचा असेल तर त्याने खुर्ची उपाध्यक्षाकडे देऊन खाली यावे.

या रीतीतील मर्म असे की, हरलेल्या बाजूचे म्हणणे पुरते ऐकून घेतले गेलेले असते आणि ते इतिवृत्तात उतरलेले असते. चेंडू मागणारा मुलगा हरला तरी त्याचे नाव सूचक म्हणून वहीत राहते, आणि पुढच्या महिन्यात तो तीच गोष्ट वेगळ्या रूपाने पुन्हा मांडू शकतो. ज्यांनी गावच्या सभांत आवाज चढवून ठराव होताना पाहिले आहेत, त्यांना याचे मोल कळेल. एफएफएमध्ये ही गोष्ट केवळ उत्साही मुलांवर सोडलेली नाही. सभासदाला शाखेची दुसरी पदवी हवी असेल तर त्याने सभाशास्त्रातील पाच रीती करून दाखविल्या पाहिजेत आणि गटाची चर्चा पंधरा मिनिटे चालवून दाखविली पाहिजे. म्हणजे पदाधिकारी असो वा नसो, सभा चालविण्याचा सराव सामान्य सभासदालाही होतो. आमच्या मते या संघटनेतील सर्वांत अनुकरणीय गोष्ट हीच होय. सहा मुलांना शहाणे करून उरलेल्या चाळीसांना टाळ्या वाजविण्यास बसविणे हे कोणत्याही शाळेला शोभणारे नाही.

निवडणूक कशी होते? शाखेत रीती निरनिराळ्या आहेत. कोठे सरळ गुप्त मतदान होते, कोठे आधी मुलाखत व मग मतदान. देशपातळीवर दरवर्षी सहा पदाधिकारी निवडले जातात : एक अध्यक्ष, एक चिटणीस आणि देशाच्या चार विभागांचे चार उपाध्यक्ष. त्या वर्षी ते कॉलेजचा अभ्यास बाजूस ठेवून देशभर हिंडतात. यांच्या निवडीसाठी विद्यार्थ्यांचीच एक समिती उमेदवारांच्या अनेक मुलाखती घेते, त्यांचे लेखन व भाषण तपासते, आणि मग सहा जणांची यादी अधिवेशनापुढे ठेवते. राज्याराज्यांतून आलेले सुमारे पावणेपाचशे विद्यार्थी-प्रतिनिधी तिच्यावर मत देतात. या पद्धतीत मिठाई वाटून किंवा गट बांधून निवडून येणे कठीण जाते. पण दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येईल की, थोड्यांच्या समितीने यादी ठरविल्यावर उरलेल्यांच्या मताला कितीसा अर्थ राहतो? हा आक्षेप पोकळ नाही. लहान शाळेत तर समिती म्हणजे शेवटी गुरुजी किंवा बाईच, असे होण्याचा फार संभव. म्हणून मुलाखत उमेदवारीपुरती ठेवावी व निवड मतपेटीवर सोपवावी, हे आपल्याकडे अधिक बरे.

खेड्यातील शाळेत निवडणुकीची खरी अडचण वेगळीच असते, आणि तिच्याविषयी पुस्तकांत सहसा कोणी लिहीत नाही. मुख्यमंत्री म्हणून सरपंचांचा किंवा मोठ्या बागायतदाराचा मुलगा निवडून येतो. आळी-आळीची, भावकी-भावकीची मते एकगठ्ठा पडतात. आणि गावातील तट वर्गात उतरले म्हणून शिक्षक पुढल्या वर्षी निवडणूकच बंद करून हुशार मुलाची नेमणूक करतो. नेमणुकीने भांडण मिटते खरे, पण तटांचा उगम तसाच राहतो, आणि 'बाईंचा लाडका' असा नवा तट निर्माण होतो. यावर उपाय म्हणून एफएफएचा एक नियम घेता येईल : तेथे वरच्या पदांपर्यंत पोचावयाचे तर आधी काम केल्याचा दाखला लागतो. आपणही असे ठरवावे की, ज्याने दोन महिने एखादे काम नेमाने केले, मग ते ग्रंथपेटीची नोंद असो, पाण्याची टाकी असो किंवा परसबागेची एखादी ओळ असो, त्यालाच उभे राहता येईल. त्या दोन महिन्यांत कोण काय करतो हे मुलांच्या डोळ्यांपुढे असते. मत देताना त्यांच्याजवळ आडनावाखेरीज आणखी काहीतरी असते. मतदान मात्र गुप्तच असावे. हात वर करण्याच्या पद्धतीत दुबळ्या घरचे मूल शेजारच्या हाताकडे पाहून आपला हात वर करते. वाचता न येणाऱ्या लहान मुलांसाठी उमेदवारागणिक पान, फूल, पक्षी अशी चित्रे नेमून त्या चित्रांच्या चिठ्ठ्या खोक्यात टाकू द्याव्यात.

अधिकाराची मर्यादा हाही नाजूक विषय आहे. १९५० साली अमेरिकेच्या काँग्रेसने एफएफएला सनद दिली. तीत संघटनेचा कारभार प्रौढांच्या संचालक मंडळाकडे असून, विद्यार्थी-पदाधिकाऱ्यांच्या मंडळाने त्यास सल्ला द्यावा व शिफारशी कराव्यात अशी योजना होती. म्हणजे सहा तरुणांच्या हाती सर्व दोऱ्या कधीच नव्हत्या. कोणी याला अधिकाराचा देखावा म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. मर्यादा आधी लिहून ठेवलेली असली तर तिच्या आतील अधिकार खरा असतो. मुलांचा भ्रमनिरास होतो तो मर्यादेमुळे नव्हे, तर ठराव झाल्यावर ती सांगितल्यामुळे. तेव्हा मुलांच्या सभेने कोणते विषय ठरवावयाचे, कोणते केवळ सुचवावयाचे आणि कोणते तिच्या कक्षेबाहेरचे, हे पहिल्याच सभेत फळ्यावर लिहून काढावे. सभेच्या कक्षेतील विषयावर तिने केलेला ठराव शिक्षकाला पसंत नसला तरी, त्यात कोणाला इजा होण्याजोगे काही नसेल तर, तो तडीस जाऊ द्यावा.

आता या संघटनेच्या इतिहासातील एक दुःखद भाग सांगितला पाहिजे. दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या, त्यामुळे काळ्या मुलांना एफएफएचे दार बंद होते. त्यांच्या शिक्षकांनी 'न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका' ही स्वतंत्र संघटना उभारली. ती १९३५ साली अलाबामातील टस्कीगी येथे देशपातळीवर स्थापन झाली. तिचे पदाधिकारी वेगळे, अधिवेशन वेगळे, जाकिटाचा रंग निळ्याऐवजी काळा, आणि मानचिन्हात मक्याच्या जागी कापसाचे फुटलेले बोंड. पुढे शाळांतील वर्णभेद कायद्याने मोडू लागला व १९६५ साली ही संघटना एफएफएमध्ये विलीन करण्यात आली. तेव्हा तिचे पन्नास हजारांवर सभासद होते. भिंत पडली ही गोष्ट न्यायाचीच झाली. परंतु विलीन होताना नाव, चिन्ह व जाकीट ही सारी मोठ्या संघटनेची राहिली आणि लहान संघटनेतील पदे संपुष्टात आली. जी मुले कालपर्यंत आपल्या सभेचे अध्यक्ष, चिटणीस होत होती, ती नव्या सभेत अल्पसंख्य म्हणून मागच्या बाकांवर गेली. फ्रेड मॅक्ल्युअर हे १९७३ साली राष्ट्रीय चिटणीस झाले, तेव्हा प्रथमच एक काळा विद्यार्थी एफएफएचा राष्ट्रीय पदाधिकारी झाला. आणि राष्ट्रीय अध्यक्षपदी पहिला काळा विद्यार्थी, शिकागोचे कोरी फ्लर्नॉय, १९९४ साली निवडून आला. दार उघडल्यापासून त्या खुर्चीपर्यंत पोचण्यास एकोणतीस वर्षे लागली.

मुलींची कथाही याहून फार निराळी नाही. १९६९ साली अधिवेशनातील प्रतिनिधींनी मतदान करून मुलींना देशभर सभासदत्व खुले केले. ठराव करणारे प्रतिनिधी सारे मुलगेच होते, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पहिली मुलगी राष्ट्रीय उपाध्यक्ष झाली १९७६ साली आणि पहिली मुलगी अध्यक्ष झाली १९८२ साली. आज सभासदांत मुलींचे प्रमाण निम्म्याच्या जवळ आहे.

आपल्या वर्गातही उघड्या दाराआड राहणारी मुले असतात. मुलींना मंत्रिमंडळात घेतले जाते, पण पुष्कळदा स्वच्छता आणि सांस्कृतिक ही खातीच त्यांच्या वाट्याला येतात. हिशेबाची वही मुलाकडे आणि रांगोळी मुलीकडे, ही वाटणी कोणी ठराव करून केलेली नसते. दुसरी उदाहरणे ऊसतोडणी कामगारांच्या मुलांची. जून-जुलैत एक वर्षासाठी पदे वाटली, आणि दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्याकडे निघाली, की त्या मुलाचे पद आपोआप दुसऱ्याकडे जाते. चार-पाच महिन्यांनी तो परत येतो तेव्हा त्याची जागा भरलेली असते. पुढल्या वर्षी शहाणी मुले त्याला मतच देत नाहीत, कारण 'तो जाणार' हे सर्वांस ठाऊक असते. वर्षाऐवजी तीन महिन्यांची मुदत ठेवली तर ही अडचण बरीच दूर होते. जून-जुलैत निवडून आलेला जाण्यापूर्वी आपली मुदत पुरी करतो आणि हिशेब देऊन जातो. शिवाय वर्षातून तीन-चार वेळा पदे फिरल्याने अधिक मुलांना संधी मिळते.

मुदत संपली म्हणजे पदांतर विधिपूर्वक करावे. एफएफएच्या अधिवेशनात पायउतार होणारा प्रत्येक राष्ट्रीय पदाधिकारी शेवटचे भाषण करतो आणि मग नव्यांची नावे पुकारली जातात. आपल्या शाळेत एवढ्या समारंभाची गरज नाही. जुन्या खजिनदाराने नव्यासमोर डबा उघडून पैसे मोजावे, ते वहीतील शिलकेशी जुळवावे, न जुळल्यास फरक किती तो तसाच वहीत लिहावा, आणि दोघांनी तारखेसह सही करावी. चिटणिसाने इतिवृत्ताची वही, पुरे न झालेल्या ठरावांवर खूण करून, नव्या चिटणिसाच्या हाती द्यावी. शिक्षकाने त्या वेळी वर्गात असावे, पण टेबलापासून जरा दूर.